लुमीरच्या तीन फैरी

मी बंदूक आहे, मित्रांनो. वय एक्क्याऐंशी वर्षे, वजन साडेचार किलोच्या आसपास, अंगाला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि पाठीवर सात आकडी क्रमांक. सध्या मी सैन्याच्या एका कोठारात लोखंडी मांडणीत उभी आहे. बंदूक म्हटले की तुम्हाला लढाई आठवेल. माझे आयुष्य मात्र लढाईत फार थोडे गेले. चौतीस वर्षे मी माणसांना निरोप देण्याचे काम केले. ते काम कसे संपले, तेवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म मोठ्या युद्धाच्या काळातला. ज्या कारखान्यात मी घडले तिथे बहुतेक बायकाच काम करत होत्या, कारण त्यांचे नवरे आणि भाऊ आघाडीवर होते. माझी नळी कोरून झाली तेव्हा एका बाईने ती उजेडाकडे धरून आतून पाहिली आणि मान हलवली. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. पण मला बोटीवर चढवायच्या आधीच ते युद्ध संपले. पुढे कोरियाच्या डोंगरांत मी दोन हिवाळे काढले. तिथे इतकी थंडी होती की माझ्यातले तेल मेणासारखे घट्ट व्हायचे. मी कोणाला मारले का, असे तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. नळीतून निघून गेलेली गोळी कुठे पोचते ते बंदुकीला कधीच दिसत नाही.

त्यानंतर मला जाड पिवळ्या वंगणात बुडवून, कागदात गुंडाळून पेटीत ठेवले. तिथे मी अडतीस वर्षे पडून होते. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

१९९१ साली पेटी उघडली ती अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ब्रेझीना नावाच्या गावात. गाव केवढे, तर एक चर्च, धान्याचा एक उंच कोठा, एक दवाखाना आणि चारी बाजूंना मका. माणसे जवळजवळ सगळी चेक घराण्यांतली, पणजोबा-खापरपणजोबांच्या वेळी बोहेमियातून आलेली. गावात माजी सैनिकांची एक संघटना होती. तिचा एक लांबट हॉल होता, आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून, तिथे तळलेल्या माशांची पंगत उठायची. या संघटनेचे एक सलामी पथक होते. माजी सैनिक वारला की त्याच्या दफनाच्या वेळी तीन फैरी झाडायच्या, एवढेच त्याचे काम. त्यासाठी सैन्याने त्यांना सात बंदुका उसन्या दिल्या. त्यांतली मी एक.

पेटीवर वाकून ज्याने मला उचलले तो लुमीर दुशेक. मक्याची शेती करणारा, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा, व्हिएतनामहून परतलेला. त्याने तीन दिवस केरोसीन आणि जुनी बनियने घेऊन माझे वंगण काढले. तिसऱ्या दिवशी मला त्याच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून तो बायकोला म्हणाला, "लिबी, बघ. आतून आरसा आहे."

"मग जेवायला तिथेच वाढू का तिला?" लिबी म्हणाली. "टेबल मोकळं कर."

माझी जागा पथकात पहिली ठरली, कारण लुमीर पथकाचा नायक होता. माझ्या डावीकडे एमिल वोन्द्रा. तो टपालखात्यात होता, लुमीरपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि तोही त्याच लढाईतला. पथकाचा एक रिवाज होता, जो मी इतर कुठे असल्याचे ऐकलेले नाही. पथकातलाच कोणी वारला, तर त्याची बंदूक रिकामी ठेवायची नाही. त्याच्या डावीकडच्याने स्वतःची बंदूक बाजूला ठेवून त्याची उचलायची आणि त्याच्यासाठी तिच्यातूनच फैर झाडायची. म्हणजे लुमीर गेला की मी एमिलच्या हातात जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. या दोघांनी त्यावर थट्टाही भरपूर केली.

"तुझे हात टपालाच्या तिकिटांना सरावलेले," लुमीर म्हणायचा. "माझ्या वेळी जरा ताकद लाव."

"तू आधी मर तर," एमिल म्हणायचा.

ताकदीची गोष्ट खोटी नव्हती. माझी रचना समजली तर ते कळेल. खरी गोळी नळीच्या टोकाशी पोचते तेव्हा तिच्यामागचा थोडा वायू एका बारीक भोकातून खाली शिरतो आणि एका दांड्याला मागे रेटतो. त्या रेट्याने रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आपोआप आत बसते. सलामीच्या काडतुसात मात्र दारू असते, गोळी नसते. नळीचे तोंड बंद करणारे काहीच नसल्याने वायू सरळ बाहेर पळतो, दाब तयार होत नाही, दांडा जागचा हलत नाही. म्हणून प्रत्येक फैरीनंतर माणसाला तो दांडा हाताने मागे ओढावा लागतो. त्याची स्प्रिंग कडक आहे. तरुण माणसाला काही वाटत नाही. पंचाहत्तरीतल्या, सांधे सुजलेल्या माणसाला वाटते.

आमच्या पथकाचा नावलौकिक आवाजावर होता. सात बंदुकांचा बार एकच ऐकू आला पाहिजे. दोन बारांमध्ये एक पापणी लवण्याइतके अंतर पडले तरी कानाला ते वेगळे कळतात. तसे झाले की लुमीर टेकडीवरून खाली उतरताना कोणाकडे न बघता म्हणायचा, "आज लाह्या भाजल्या आपण." मग त्या आठवड्यात दोनदा सराव. आसपासच्या चार परगण्यांतून लोक आम्हाला बोलवायचे. बर्फ असो, कडक ऊन असो, पेरणी असो, पथकाने एकाही घराला नाही म्हटले नाही. बार झाल्यावर एमिल गवतातून तीन रिकामी काडतुसे वेचायचा, प्रत्येक फैरीतले एक, आणि गरम असतानाच ती घरच्यांच्या हातात द्यायचा. पितळ लवकर निवते. त्यामुळे तो घाई करायचा. मोठमोठी माणसे ती तीन काडतुसे मुठीत धरून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. लुमीरच्या हातून मी सहाशे अकरा जणांना निरोप दिला.

मग आमचेच लोक जाऊ लागले. सातांचे पाच झाले. बिगूल वाजवणारा वारला तेव्हा पोटात यंत्र असलेला बिगूल आणला. कळ दाबायची, ओठांना लावून उभे राहायचे, आतून धून वाजते. एकदा त्यातली बॅटरी धुनेच्या मध्येच संपली आणि डुएन कृष गाल फुगवून तसाच उभा राहिला. हा डुएन आमच्यात सगळ्यात लहान, म्हणजे त्रेसष्ट वर्षांचा ट्रक ड्रायव्हर. पुढे पाचांचे तीन उरले. लुमीर, एमिल आणि डुएन. तिघांपेक्षा कमी असतील तर फैर झाडता येत नाही, असा नियम आहे. नव्या लढायांतून परतलेली माणसे शहरांत राहायला गेली होती. जी गावात होती ती म्हणायची, रविवारी बघू.

गेल्या वर्षी संघटनेत नऊ सभासद राहिले. हॉलचे छप्पर गळत होते. जूनमध्ये त्यांनी हॉल एका बियाणेवाल्याला विकला आणि संघटना बंद केल्याचा कागद वर पाठवला. आम्ही सात जणी एमिलच्या तळघरातल्या कुलूपबंद कपाटात गेलो. जुलैत लुमीरच्या पोटात दुखू लागले. ऑगस्टमध्ये डॉक्टरने स्वादुपिंडाचा कर्करोग सांगितला आणि म्हणाला, सहा आठवडे, फार तर आठ. त्याच आठवड्यात सैन्याचे पत्र आले. संघटना बंद झाली असल्याने सातही बंदुका साठ दिवसांत राज्याच्या राजधानीतल्या कोठारात जमा कराव्यात. शेवटची तारीख चौदा ऑक्टोबर.

तेव्हापासून एमिलच्या डोक्यात दोन तारखा चालू झाल्या. त्यांतली एकच त्याला माहीत होती.

सप्टेंबरच्या अखेरीस त्याने मला चादरीत गुंडाळून लुमीरच्या घरी नेले. निमित्त सफाईचे. लुमीरचा पलंग बैठकीच्या खोलीत खिडकीशी आणला होता. बाहेर मका वाळून पिवळा झाला होता आणि दूरवर कापणीयंत्राची धूळ उडत होती. लुमीर इतका रोडावला होता की मी त्याला पटकन ओळखले नाही. लिबी कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन आली. तो खात नव्हता, तरी ती रोज करत होती.

"काय रे, किती दिवस राहिले माझे?" लुमीरने विचारले. "डॉक्टर म्हणतो, झालेच. सरकार म्हणतं, अजून सतरा. सरकार जास्त दयाळू निघालं."

"गप बस," एमिल म्हणाला.

"घाई करायला हवी मला. आयुष्यभर वेळेवर पोचलो, आता उशीर झाला तर बरं दिसत नाही."

डुएन दारात उभा होता. तो खो खो हसला आणि मग जमिनीकडे बघत राहिला. एमिल मात्र हसला नाही. माझ्या नळीतून कापड ओढता ओढता तो म्हणाला, "एक सांगू? उद्या डुएन आणि मी येतो. पलीकडच्या गावातून एक जण मिळेल. अंगणात तीन फैरी झाडतो. खिडकी उघडी ठेवू. तुला ऐकू तरी येतील."

लुमीरने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर मी इतका राग पूर्वी पाहिला नव्हता.

"जिवंत माणसासाठी फैर नसते, एमिल. तुला सांगायला हवं का हे? पूर्वी लढाई थांबवून दोन्हीकडचे लोक आपापले मेलेले उचलायचे. उचलून झाले की तीन बार. म्हणजे आमचे झाले, आता पुढचं चालू करा. मी अजून इथे पडलोय. मला कोणी उचललेलं नाही."

"बरं."

"अंगणात म्हणे! कोंबड्यांना सलामी द्यायची का?"

तेवढ्यात लिबी म्हणाली, "मी म्हणते, त्या सरकारी लोकांना फोन करा की. थोडे दिवस वाढवून मागा. माणसंच आहेत ना तीही?"

मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. त्या खोलीत चार माणसे होती आणि योग्य गोष्ट एकीनेच सांगितली.

लुमीर म्हणाला, "आणि सांगायचं काय? आमचा नायक मरायला वेळ लावतोय, जरा थांबा?"

यावर डुएन पुन्हा हसला. लिबीलाही हसू आले, तिने एप्रन तोंडाला लावला. या वेळी एमिलही हसला. आणि ते बोलणे हसण्यात वाहून गेले.

"आपण चौतीस वर्षांत एक कागद उशिरा पाठवला नाही," लुमीर डोळे मिटून म्हणाला. "एकदाही सवलत मागितली नाही. आता शेवटी शेवटी नको."

"नको," एमिल म्हणाला.

ही माणसे अशीच आहेत. शेजाऱ्याचे धान्याचे कोठार जळाले तर रात्र संपायच्या आत वीस जण लाकूड घेऊन येतील. पण स्वतःचे जळाले तर सांगतील, काही विशेष नाही, तुम्ही उगाच कशाला आलात. मागणे त्यांना जमत नाही. हा गुणच आहे असे मीही तीस-बत्तीस वर्षे समजत होते.

ऑक्टोबर लागला. लुमीर गेला नाही. एमिल रोज सकाळी जाऊन त्याला भेटायचा आणि घरी आल्यावर तळघरात येऊन आमच्या कपाटासमोर उलट्या बादलीवर बसायचा. त्याला कशाची लाज वाटत होती ते मला कळत होते. वर घरात फोन वाजला की लुमीर गेला, असेच त्याला आधी वाटायचे. लुमीर बरा आहे, रात्री शांत झोपला, असे लिबीने सांगितले की त्याला आनंद व्हायचा. आणि त्या आनंदाच्या मागोमाग कॅलेंडरवरचा आणखी एक दिवस संपलेला दिसायचा. आपल्या सगळ्यात जुन्या मित्राच्या मरणाची कोणी वाट पाहावी का? तो पाहत होता. आणि तो मरू नये असेही त्याला वाटत होते. एकदा तो मोठ्याने म्हणाला, "देवा, मी काय मागतोय?" आणि मग तोंडावर हात दाबून तसाच बसला.

तेरा तारखेला, सोमवारी, त्याने मला पुन्हा चादरीत गुंडाळले. लुमीरला आता दुखणे कमी करणारे औषध थेंबाथेंबाने चालू होते. बराच वेळ तो झोपेतच होता. एमिलने मला पलंगाच्या कडेला ठेवले आणि त्याचा हात माझ्या दस्त्यावर आणून सोडला. बोटे ओळखीच्या जागी आपोआप वळली.

"तेल लावलंस," लुमीर पुटपुटला. "वास येतोय."

"लावलं."

"दांडा पुरता मागे ओढ. तू अर्धा ओढतोस. अर्धा ओढला की काडतूस अडकतं. मग दुसऱ्या फैरीला तू गप्प, आणि लिबी बघत राहणार."

"पुरता ओढीन."

"मनगट दुखेल तुझं."

"दुखू दे."

लिबी खिडकीत पाठमोरी उभी होती.

"मंगळवार झाला का रे?" लुमीरने विचारले.

एमिलने लिबीच्या पाठीकडे पाहिले. मग तो म्हणाला, "नाही. अजून वेळ आहे."

लुमीरने समाधानाने मान हलवली आणि तो पुन्हा झोपला. ते दोघांचे शेवटचे बोलणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमिलने आम्हा सात जणींना गाडीत घातले आणि तीन तास गाडी चालवून राजधानी गाठली. वाटेत त्याने रेडिओ लावला नाही. कोठारात पिनेडा नावाची सार्जंट होती, तिशीची, केस घट्ट बांधलेली, बोलायला चटपटीत. तिने एकेकीचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला. मला उजेडाकडे धरले, आतून पाहिले आणि शीळ घातली.

"मिस्टर वोन्द्रा, इथे बंदुका येतात त्यांत चिमण्यांची घरटी असतात. खरंच सांगते, एकदा निघालं होतं. या तर नव्या कोऱ्या दिसताहेत! कोण ठेवायचं?"

"लुमीर दुशेक," एमिल म्हणाला. "आमचा नायक."

"त्यांना माझा सलाम सांगा."

"सांगतो."

तिने शिक्का मारला, सही घेतली, पावती फाडून दिली. मग पेन खिशाला लावत सहज विचारले, "आणखी काही, सर?"

आणखी काही. तिचा आवाज साधा होता, चेहरा हसरा होता, मागे कोणी रांगेत नव्हते. एमिलने टोपी हातात घेतली. त्याचे ओठ उघडले. मला वाटले, आता सांगेल. चौतीस वर्षे मी हुकुमाची वाट बघत उभी राहिले आहे. इतक्या आतुरतेने कधी उभी नव्हते.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "आभारी आहे."

लुमीर गुरुवारी पहाटे वारला.

मला हे शुक्रवारी कळले, कारण शुक्रवारी दुपारी एमिल आणि डुएन कोठाराच्या दारात उभे होते. एमिलने पथकाचा गणवेश घातला होता. त्याच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण होती. त्याने सार्जंटला सगळे सांगितले: पथकाचा रिवाज, साठ दिवस, डॉक्टरचे सहा आठवडे, सोमवारी साडेदहाला दफन. तिला समजायला सोपे जावे म्हणून तो हळूहळू, पत्ता सांगितल्यासारखा बोलत होता.

सार्जंट पिनेडा खुर्चीतून उठली होती. तिने अर्ध्यातच विचारले, "पण मग तुम्ही मुदत का नाही वाढवून घेतलीत?"

"ती वाढते का?"

"सर... नव्वद दिवस. सगळेच मागतात. अर्जसुद्धा लागत नाही. नुसता एक फोन. मंगळवारी तुम्ही इथे उभे होतात, तेव्हा नुसतं म्हणाला असतात तरी मी तो कागद तुमच्यासमोर बाजूला ठेवला असता."

डुएनच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली. ती सार्जंटला नव्हती, कोणालाच नव्हती.

"आता?" डुएनने विचारले.

"आता नोंद वर गेली. परत द्यायला तिकडची सही लागते. लवकरात लवकर तीन आठवडे."

"एकच द्या. बाकीच्या सहा राहू द्या. लुमीरची तेवढी."

"माझ्या हातात असतं तर मी स्वतः गाडीत ठेवून दिली असती हो."

ती नुसती बोलली नाही. तिने फोन उचलला. ब्रेझीनाजवळच्या पहिल्या गावच्या पथकात दोनच माणसे उरली होती, आणि त्यांतला एक दवाखान्यात होता; त्यांच्या बंदुकाही आधीच सैन्याकडे परत गेल्या होत्या. दुसऱ्या गावच्या पथकाला सोमवारी त्याच वेळी त्यांच्याच गावातल्या एका दफनाला जायचे होते. तिसऱ्या ठिकाणी फोन वाजत राहिला. शेवटी ती म्हणाली की दोन जवान नक्की येतील, शवपेटीवरचा ध्वज घडी करून देतील, बिगूलही वाजेल. ते कायद्यानेच मिळते. फैरी मात्र कायद्यात नाहीत. त्या गावोगावच्या माणसांनी आपल्या मनाने चालवलेल्या असतात.

"माझ्याकडे शिकारीच्या आहेत," डुएन म्हणाला. "तीन निघतील घरात. आवाज तर होईल!"

"आणि काडतुसं? छऱ्यांची?" एमिल त्याच्याकडे वळला. तेवढ्या वेळात तो पहिल्यांदाच चिडला होता. "बदकं मारायची बंदूक मी लुमीरसाठी झाडू? पेटीतून उठून कानफटीत देईल तो माझ्या."

"देईल," डुएन म्हणाला.

जाण्यापूर्वी एमिलने मला पाहायला मागितले. त्याने त्या दिवशी मागितलेली ही दुसरी गोष्ट, आणि सार्जंटने लगेच दिली. ती त्याला मांडणीशी घेऊन आली. पण बुधवारीच तपासणीसाठी माझा दांडा आणि बोल्ट काढून वेगळ्या खोक्यात टाकले होते. एमिलचा उजवा हात सवयीने दांड्याच्या जागी आला. तिथे धरायला काही नव्हते. त्याची बोटे त्या रिकाम्या खाचेत थोडा वेळ राहिली.

"मी विचारलंच नाही," तो म्हणाला. मला की स्वतःला, सांगता येत नाही. "ती विचारत होती आणि मी नाही म्हणालो."

डुएनने त्याचा दंड धरला. मग ते दोघे गेले.

सोमवारी सकाळी मी घड्याळाकडे पाहत होते. ते समोरच्याच भिंतीवर आहे. साडेदहा वाजले. तिथून दोनशे ऐंशी किलोमीटरवर, मक्याच्या शेतांमधल्या टेकडीवर, तेव्हा काय झाले ते मला माहीत नाही. ध्वजाची घडी झाली असेल. एमिल आणि डुएन आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले असतील, एमिलच्या उजवीकडे लुमीरची जागा सोडलेली असेल किंवा नसेल. ज्या माणसाने सहाशे अकरा घरांच्या दारात उभे राहून कधी नाही म्हटले नाही, त्याच्या पेटीवरून एकही बार गेला नाही, एवढे मात्र मला ठाऊक आहे. लिबीच्या हातात गरम पितळ आले नाही. माझ्याजवळ आवाज आहे, मित्रांनो, माझ्यात अजून शंभर वर्षे पुरेल इतका आवाज आहे, आणि तो त्या एका सकाळी लागणार होता.

दुपारी सार्जंट पिनेडा माझ्या चिठ्ठीवर लिहायला आली. तिने लिहिताना अर्धवट मोठ्याने वाचले. क्रमांक. आल्याची तारीख. कारण, पथक बरखास्त. स्थिती, उत्तम. तिथे तिचे पेन थांबले. मग तिने चिठ्ठी माझ्या चापाच्या कडीला बांधली आणि दिवा बंद केला.

पुढे माझे काय होईल ते ठरलेले नाही. कदाचित दुसऱ्या गावाला देतील. कदाचित नळी कापून वितळवतील. आमच्यासारख्या जुन्या बंदुकांचे आता तसेच होते. मला त्याचे फारसे काही वाटत नाही. मला सांभाळा, असेही मी तुम्हाला म्हणणार नाही. मला चौतीस वर्षे उत्तम सांभाळले, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी दुसरेच मागते. तुमच्या घरात, शेजारात, एखादे ताठ मानेचे म्हातारे माणूस असेल. कधीच काही न मागणारे. त्याला काय हवे आहे ते तुम्ही विचारा. ते 'काही नको' म्हणेल. पुन्हा विचारा. ते थट्टा करेल आणि तुम्हाला हसू येईल. हसून घ्या, पण हसून झाल्यावर उठून फोन लावा. त्याच्यासाठी तुम्हीच मागा. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा हो म्हणायलाच बसलेला असतो, हे मी या कोठारात माझ्या कानांनी ऐकले आहे.

ते ऐकले तेव्हा शुक्रवार होता. मंगळवार होऊन तीन दिवस झाले होते.